पॅरिसचं रोदँ संग्रहालय: मूर्तिकार वडिलांना काय दाखवू?

हमरापूरकडचा

नमस्कार मंडळी. मे महिन्यात बाबांना घेऊन पॅरिसला चाललोय. धाकटी बहीण तिकडे नोकरीला आहे, तिच्याकडे आठवडाभर मुक्काम. बाबा ७१ वर्षांचे. पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे. बाराव्या वर्षी बाबांनी शाडूत हात घातला, तो गुडघे अगदीच बोलायला लागले तेव्हा, गेल्या वर्षी काढला. कारखाना आता थोरला भाऊ बघतो, पण डोळ्यांची आखणी अजूनही बाबांचीच.

बहीण लूव्र हे तिथलं मोठं संग्रहालय म्हणतेय. तिथली गर्दी आणि चालणं त्यांना झेपेल असं वाटत नाही. कुणीतरी रोदँचं संग्रहालय सुचवलं. एकाच शिल्पकाराचं काम, जुना वाडा आणि त्याला लागून बाग. आमच्या घरात शिल्पकला कुणी शाळेत शिकलेलं नाही, बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. माती त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट कळते, पण पाटीवरचं फ्रेंच-इंग्रजी नाही कळणार. मी वाचून सांगेन ते मलाच अर्धवट कळलेलं असेल. एका सकाळीत त्यांना कशासमोर उभं करू? माहीतगारांनी सांगा.

परतीचं तिकीट

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते, तिचेही गुडघे तसेच. सोमवारी बंद असतं, आणि १ मेलाही, तेवढं बघून दिवस ठरवा. मेट्रोची १३ नंबरची लाइन, व्हारेन स्टेशन. फलाटावरच रोदँच्या 'थिंकर' (विचारात बुडून बसलेला माणूस) आणि लेखक बाल्झाक या पुतळ्यांच्या प्रतिकृती भेटतात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.

बाग ३ हेक्टर, म्हणजे सात-साडेसात एकर. वाटांवर बारीक खडी आहे, काठी असेल तर घ्या. बसायला जागोजागी बाक आहेत. आम्ही बाग आधी केली आणि वाड्यात शिरेपर्यंत आई थकली. तुम्ही उलट करा.

ओली माती

मी शिल्पकलाच शिकले, मुंबईत, आणि नंतर पॅरिसमध्ये चार वर्षं काढली. त्या काळात या जागी किती वेळा गेले असेन ते मोजलेलं नाही. तुमचा प्रश्न वाचून कामं बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण तुमच्या बाबांना तिथे जे दिसेल ते माझ्यासारखीला दिसायला शिकावं लागलं.

पाट्या वाचून दाखवू नका. चार गोष्टी आधी घरीच, चहा पिताना, सांगून ठेवा.

पहिली, नाक मोडलेल्या माणसाचा मुखवटा. रोदँ तेव्हा २३-२४ वर्षांचे. स्टुडिओत शेकोटीला पैसे नव्हते. मातीचं डोकं थंडीत गोठलं आणि मागचा भाग गळून पडला. उरलेला चेहरा त्यांनी तसाच मुखवटा म्हणून प्रदर्शनाला पाठवला, आणि तो नाकारला गेला. माती दगा देते म्हणजे काय, हे कारखान्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरी, 'चालणारा माणूस'. याला डोकं नाही, हात नाहीत. धडाची माती सुकताना तडकली होती, त्या भेगा ब्राँझमध्येही तशाच उतरल्या आहेत. बाबांना मागून, पाठीकडून बघायला सांगा.

तिसरी, बागेतलं 'नरकद्वार'. फाटकातून आत आलात की डाव्या हाताला. उंची सहा मीटरच्या वर, अंगावर दोनशेच्या आसपास आकृत्या. १८८० साली सरकारने एका नियोजित संग्रहालयाचा दरवाजा म्हणून हे काम दिलं. ते संग्रहालय झालंच नाही, रोदँ मात्र दरवाज्यावर आयुष्यभर काम करत राहिले. १९१७ साली गेले, तोवर तो ब्राँझमध्ये ओतलेला त्यांनी पाहिला नव्हता. उजव्या हाताला गुलाबांच्या पलीकडे बसलेला 'थिंकर' मुळात याच दरवाज्यावरची, पाऊण मीटरही नसलेली आकृती. पुढे मोठी केली. दरवाज्याच्या माथ्यावर तिघं उभे आहेत. त्यांच्याबद्दल बाबांना काहीच सांगू नका, ते काय म्हणतात बघा.

चौथी, कामीय क्लोदेल. रोदँच्या स्टुडिओतली ही सहकारी, आणि माझ्या मते हातात त्यांच्या तोडीची. वाड्यात तिची खोली आहे. चार बायका कोपऱ्यात डोकी जुळवून काहीतरी कुजबुजताहेत, वीतभर उंचीच्या, ऑनिक्स दगडात. कडक दगडात एवढं नाजूक काम करायला केवढी चिकाटी लागते, तुमच्या बाबांना कळेल. तिची शेवटची तीस वर्षं मनोरुग्णालयात गेली. १९४३ साली ती तिथेच वारली. लोक ही खोली दोन मिनिटांत उरकतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

बाबा विचारतील म्हणून आणखी एक. ब्राँझ रोदँ स्वतः ओतत नसत. ते मातीत घडवायचे, त्याचा प्लास्टरचा साचा व्हायचा आणि पुढचं काम ओतशाळेत. संगमरवरही बहुतेक मदतनीस कोरायचे. त्यांनी १९१६ साली आपलं सगळं काम फ्रेंच सरकारला देऊन टाकलं, साच्यांवरून प्रती काढायच्या हक्कासकट. म्हणून संग्रहालय त्यांच्या माघारीही प्रती ओतून घेत आलं आहे. फ्रेंच नियमाने एका शिल्पाच्या १२ प्रतीच 'मूळ' धरतात.

सासवणे फाटा

पॅरिसला जाच, पण पेणहून सासवणे तासा-दीड तासावर आहे ते विसरू नका. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर. त्यांचे वडीलही गणपतीच घडवायचे. त्याच घरातून पोरगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवला, १९२८ साली बसवला तो. घरात आणि अंगणात त्यांची शिल्पं आहेत. अंगणातली म्हैस बघून खरी समजलेले लोक मी स्वतः पाहिलेत.

हमरापूरकडचा

परत आलो. सगळ्यांचे, विशेषतः ओली माती ताईंचे मनापासून आभार. सविस्तर लिहितो, कारण घरी हे कुणाला नीट सांगता येत नाहीये.

बुधवारी सकाळी दार उघडताच आत होतो. वाडा आधी. मुखवट्यासमोर बाबा बराच वेळ थांबले. "पाणी जास्त झालं असेल," म्हणाले. थंडीचं मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "तेच रे. पाणीच गोठतं, माती कुठे गोठते."

'चालणारा माणूस' आधी त्यांना आवडला नाही. खंडित मूर्ती आपण ठेवत नाही, कारखान्यात एखाद्या मूर्तीचं बोट जरी तुटलं तरी ती गिऱ्हाइकाला दाखवायची नाही हा त्यांचा नियम. इथे तर डोकंच नाही. ते पुढे निघाले होते. मी ताईंचं ऐकून त्यांना पाठीमागे नेलं. तिथे ते वाकले, गुडघे विसरून, आणि पायांकडे बघत राहिले. "दोन्ही टाचा टेकल्यात बघ. माणूस चालताना एक टाच उचलतो. याच्या दोन्ही जमिनीला, तरी हा चालतोय." मग पाठीवरच्या एका भेगेकडे बोट केलं. रखवालदार बघत होता, म्हणून हात लांबच ठेवला. "ही मी बुजवली असती. ओला फडका फिरवला असता." थोडं थांबून म्हणाले, "चुकलं असतं असं नाही. आपली मूर्ती पूजेला बसते, तिच्यावर भेग चालत नाही. याची पूजा नाही व्हायची, म्हणून याला ठेवता आली." हे मी जसंच्या तसं फोनमध्ये टिपून ठेवलं.

पुढे एका दालनात दोन हातांचं दगडी शिल्प आहे, 'कॅथेड्रल' नाव. दोन तळवे समोरासमोर उभे, बोटं वर जवळ आलेली. मला नमस्काराच्या आधीचे हात वाटले. बाबांनी आपले दोन्ही हात तसे धरून पाहिले, जमेना. मग माझा उजवा हात धरला, त्यासमोर स्वतःचा उजवा आणला, आणि बोटं बरोब्बर त्या शिल्पासारखी आली. दोन्ही उजवे हात आहेत! दोन वेगळ्या माणसांचे. मी पाटी वाचली होती, तरी मला ते कळलं नव्हतं. बाबांचा हात इतका वेळ हातात मी लहानपणानंतर पहिल्यांदा धरला असेन. अंगठ्याशेजारचं कातडं अजून कोरणीने घट्ट झालेलं आहे.

क्लोदेलबाईंच्या त्या चार बायका पाहून म्हणाले, "या आपल्या विहिरीवरच्या." त्या खोलीत आम्ही वीस मिनिटं होतो, ताई.

दुपारी बागेत. नरकद्वारासमोर बाकावर बसवलं, बहिणीने डबा आणला होता, पोहे खाल्ले. बाबा वर बघत होते. खाणं थांबलं. "ते वरचे तिघं. एकच साचा आहे."

मी म्हटलं, बाबा, तिघं वेगळे दिसतात.

"एकच आहे. फिरवून फिरवून लावलाय. मधला समोरून, बाजूचे दोघं कडेने. मान बघ, खांदा बघ." मी फोनमध्ये झूम करून पाहिलं, तसंच होतं. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते लिहिता येत नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांना ऐकवलं की साच्यातून काढता त्यात कला कसली. त्यांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही. इथे जगातला एवढा मोठा माणूस तोच साचा तीनदा, उघड, दरवाज्याच्या माथ्यावर लावून बसलाय.

'थिंकर'जवळ आम्ही फार थांबलो नाही. फोटोसाठी रांग होती.

ओली माती

तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. त्या तिघांचं मी वर्गात ऐकलं होतं, नुसतं बघून मला ओळखता आलं नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आणखी एक त्यांना सांगा. रोदँ कधी भारतात आले नाहीत, पण मद्रासच्या संग्रहालयातल्या ब्राँझच्या नटराजाचे फोटो त्यांच्या हाती पडले आणि १९१३ साली त्यांनी त्यावर लिहिलं. म्हातारपणी, नुसत्या फोटोंवरून. एकेका अवयवाबद्दल, हात, मांडी, ओठ, असं लिहीत गेलेत.

बाबा आता काही घडवतायत का?

हमरापूरकडचा

हो. आल्यापासून संध्याकाळी थोडी शाडू मागून घेतात. गणपती नाही. आईचा हात घडवतायत, भाकरी थापतानाचा. पहिला सुकताना मनगटाशी तडकला. भावाने बुजवायला घेतला तर बाबांनी त्याला थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मोडून माती पुन्हा भिजत घातली. आता दुसरा चालू आहे, ओल्या फडक्याखाली झाकलेला. पावसाच्या आधी एका रविवारी त्यांना सासवण्याला नेतोय.