स्वित्झर्लंड: आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास बहुतेकांना परवडत नाही

हिशोबनीस
स्वित्झर्लंडला निघालेला प्रत्येक जण आधी स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे रेल्वे, बस आणि बोटींवर चालणारा पर्यटकांचा पास, काढून मोकळा होतो. माझं म्हणणं, हाफ फेअर कार्ड घ्या. आकडे २०२४ चे देतोय, तुम्ही जायच्या वर्षाचे घालून बघा.

आठ दिवसांचा पास, सेकंड क्लास: ४१९ फ्रँक. महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड: १२०. फरक २९९. कार्डावर तिकीट निम्म्यात मिळतं, म्हणजे पास वसूल व्हायला आठ दिवसांत सुमारे ६०० फ्रँकची पूर्ण दराची तिकिटं व्हायला हवीत. रोज ७५. आता नेहमीचा मार्ग घ्या: झुरिक विमानतळ, लुझर्न, इंटरलाकेन, झर्मॅट, जिनिव्हा. या सगळ्या गाड्यांची पूर्ण भाड्यांची बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. उरलेले साडेतीनशे कुठून आणणार?

शिवाय युंगफ्राउयोख, म्हणजे डोंगरात उंचावरचं प्रसिद्ध रेल्वे स्टेशन. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट नेतो, तिथून वर फक्त २५ टक्के सूट देतो. हाफ फेअरवर ५० टक्के. वरच्या टप्प्याचं जाऊन-येऊन तिकीट २०० फ्रँक धरलं, तर पासवाला १५० देतो आणि कार्डवाला १००. ते धरून ती ६०० ची रेघ ७०० वर जाते.

बोटवाला
गणित बरोबर, पण तुम्ही मुक्काम बदलायच्या गाड्याच मोजल्यात. पासात तळ्यांवरच्या बोटी येतात, शहरातल्या ट्राम-बस येतात, पाचशेच्या वर म्युझियम येतात. आणि रिगी, स्टान्सरहॉर्न, स्टूस हे तीन डोंगर पूर्ण फुकट आहेत. लुझर्नहून बोटीने फिट्झनाऊ, तिथून रॅकच्या (दातेरी रुळाच्या) गाडीने रिगी कुल्म, उतरताना वेगिसची केबल कार आणि परत बोट. या एका दिवसात तुमचे ७५ सहज ओलांडतात. दुसऱ्या दिवशी थुनच्या तळ्यावर बोट, येताना बर्न. ज्यांना फिरतं राहायचंय त्यांना पास परवडतो.

हिशोबनीस
रिगी मान्य. पण लोक रिगी सोडून टिटलिस नाहीतर पिलाटुसला जातात, आणि तिथे पास असो वा कार्ड, सूट निम्मीच. गोर्नरग्राट आणि म्युरेनच्या वर शिल्टहॉर्न, तिथेही तेच. ज्या डोंगरांसाठी लोक तिकडे जातात तिथे पासाचा जादा फायदा शून्य, आणि युंगफ्राउला तर तोटा.

सासूसासरे_सोबत
दोघेही पैशांवरच अडलात. घरात दोन सत्तरीचे आणि दोन शाळकरी पोरं असतील तर हाफ फेअर म्हणजे दर फलाटावर मोबाइल काढून सहा जणांचा हिशोब. तिकीट गाडी सुटायच्या आत काढावं लागतं, चढल्यावर टीसी देत नाही, सरळ दंड लावतो. ॲपमध्ये प्रत्येक मोठ्या माणसापुढे हाफ फेअरची सवलत निवडायची राहिली की पूर्ण भाडं कापलं जातं. आणि उलट चूक, म्हणजे कार्ड नसलेल्याला निम्मं तिकीट काढलं, तर तोही दंडच. पास असला की चढा आणि बसा. तपासनीस आला की पास आणि पासपोर्ट दाखवा, संपलं.

दोन गोष्टी आपल्याकडच्या लोकांना हमखास माहीत नसतात. एक, पासाला ज्येष्ठ नागरिक सवलत नाही. ७५ चे असा नाहीतर ३५ चे, दर तोच. सूट आहे ती २५ च्या आतल्यांना. दोन, १६ च्या आतल्या मुलांचं फॅमिली कार्ड पासावर किंवा हाफ फेअरवर मोफत मिळतं, पण ते आई किंवा वडील सोबत असतील तरच चालतं. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर बोटीत बसवलीत तर तिकीट लागेल.

रॅकरेल
इंटरलाकेन-ग्रिंडेलवाल्डमध्येच चार दिवस काढणाऱ्यांना वरचं दोन्ही गैरलागू. त्यांनी युंगफ्राउ ट्रॅव्हल पास बघावा, तीन दिवसांपासून पुढे मिळतो. हार्डर कुल्म, शिनिगे प्लाटे, फर्स्ट, मेन्लिखेन, क्लाइने शायडेग, सगळं त्यात. योखच्या खालच्या आयगरग्लेचर स्टेशनपर्यंत जाता येतं, तिथून योखपर्यंतचं तिकीट सवलतीत वेगळं काढायचं. हाफ फेअर किंवा ट्रॅव्हल पास असेल तर हा पास आणखी स्वस्त. शिल्टहॉर्न मात्र यात नाही, ती कंपनी वेगळी.

एक सूचना, पास कुठलाही असो: इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युट्शिनेनला तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. कुटुंब दोन डब्यांत विभागून बसलं की अर्धं एका खोऱ्यात, अर्धं दुसऱ्यात.

हिशोबनीस
सासूसासरे, तुमचा सोयीचा मुद्दा खरा, पण त्याची किंमत मोजा. वरचाच मार्ग, युंगफ्राउ धरून, पासाने माणशी ४१९ अधिक १५० म्हणजे ५६९. कार्डाने १२० अधिक गाड्यांचे निम्मे १२५ अधिक युंगफ्राउचे १०० म्हणजे ३४५. इकडच्या तिकडच्या फेऱ्यांना शंभर वेगळे काढले तरी माणशी सव्वाशे वाचतात. चार मोठे धरा, ५०० फ्रँक. शिवाय लांब टप्प्याच्या दिवशी सेव्हर डे पास, म्हणजे एका दिवसाचा पास, आहे, हाफ फेअरवर २०२४ ला २९ पासून सुरू व्हायचा. सहा महिने आधी विक्रीला येतो आणि तारीख जवळ येईल तसा महागतो.

बोटवाला
सेव्हर डे पासचे पैसे परत मिळत नाहीत हे सांगायचं राहिलं. सहा महिने आधी त्या दिवशीचं आभाळ कोणाला ठाऊक? गाडीला बांधलेलं सुपरसेव्हर तिकीट तर त्याहून कडक, स्वतःच्या उशिराने ती गाडी हुकली की तिकीट बाद. डोंगरात सकाळी वेबकॅमवर वरचं हवामान बघून बेत ठरवावा लागतो. योखवर ढग दिसला की ३४५४ मीटरवर जाऊन पांढरी भिंत बघायची. अशा दिवशी पासवाला खिशातून एक फ्रँकही न काढता बोटीत बसतो.

आणि पंधरा दिवसांचा पास २०२४ ला ४५९ होता, आठपेक्षा फक्त ४० जास्त. दहा-बारा दिवस राहणाऱ्यांना तुमची रोज ७५ ची अट लागूच होत नाही.

हिशोबनीस
दहा दिवसांच्या पुढे पास, हे मान्य. म्हणूनच शीर्षकात आठ लिहिलंय. पण ढगाच्या दिवशी कार्डवालाही बोटीतच बसतो की, निम्म्या तिकिटात.

रॅकरेल
ग्लेशियर एक्सप्रेसचं, म्हणजे झर्मॅट ते सेंट मॉरिट्झ जाणाऱ्या पर्यटकांच्या गाडीचं, कोणीच बोललं नाही. पास असला तरी आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. आरक्षण लागत नाही, गाड्या बदलाव्या लागतात आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात, काचेत स्वतःचं प्रतिबिंब येत नाही.