जुन्या विमानांना नवी विंगलेट्स: हा खर्च योग्य आहे का?

सुप्रिया: आयर्लंडची स्वस्त विमानसेवा रायनएअर आपल्या चारशेहून अधिक बोइंग ७३७-८०० विमानांना नवी विंगलेट्स, म्हणजे पंखांच्या टोकांची पाती, बसवते आहे. या विमानांच्या पंखांची टोकं आधीपासून वर वळलेली आहेत. आता त्यांना खालच्या बाजूनेही एक पातं जोडतात. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दीड टक्का इंधन वाचतं. मला हे काम मनापासून पटतं. पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे टोकाशी हवा खालून वर वळते, भोवरा तयार होतो आणि तेवढ्यासाठी इंजिनाला जादा इंधन जाळावं लागतं. हा भोवरा विंगलेटने कमजोर होतो. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७० च्या दशकात, तेल महागलं त्या काळात, हे दाखवून दिलं. दीड टक्का थोडा वाटतो, पण तो प्रत्येक उड्डाणात वाचतो.

महेश: सुप्रियाताई, विज्ञानाबद्दल वादच नाही. पण हीच कंपनी सांगते की तिच्या नव्या ७३७ मॅक्स विमानांत जागा ४ टक्के जास्त आहेत आणि इंधन १६ टक्के कमी लागतं. कुठे दीड, कुठे सोळा! जुन्या विमानावर पैसा घातला की ते आणखी काही वर्षं चालवण्याचा मोह होणारच. आणि यांची उड्डाणं जवळची. विंगलेटचा खरा फायदा लांबच्या प्रवासात, इथे त्याचं वजन मात्र प्रत्येक वेळी वाहायचं.

सुप्रिया: मॅक्स वेळेवर मिळतात कुठे? जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा दरवाजाच्या जागेचा भाग हवेत निखळला, त्यानंतर अमेरिकी नियामकाने मॅक्सचं उत्पादन ऑक्टोबर २०२५ पर्यंत महिन्याला ३८ वर रोखलं. आपल्याकडे इंडिगोची नवी ए३२० निओ विमानं इंजिनाच्या दोषामुळे डझनांनी जमिनीवर उभी राहिली. तोवर जुनीच उडणार, मग ती कमी इंधनात उडू देत.

निखिल (विमान देखभाल): एक तांत्रिक बाब. पंख सरळ लांब केले तरी हाच फायदा होतो, पण या वर्गाच्या विमानांना विमानतळावर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ मीटरची मर्यादा आहे. वर वळलेल्या टोकांसह ७३७-८०० चा पंखविस्तार ३५.८ मीटर होतो. बाजूला जागाच उरत नाही, म्हणून वर आणि खाली जायचं. महेशराव, वजनाचं बरोबर आहे. शिवाय पंखाच्या मुळाशी ताण वाढतो. पण उड्डाण घेताना आणि चढताना भोवरे सर्वात जोरकस असतात, त्यामुळे जवळच्या फेरीतही फायदा शून्य होत नाही.

महेश: हे मान्य. पण वाचलेल्या पैशातून तिकिटं स्वस्त झाली आणि फेऱ्या वाढल्या, तर धूर कमी कसा होणार?

सुप्रिया: युरोपांतर्गत उड्डाणांना कार्बन परवाने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे परवाने, विकत घ्यावे लागतात आणि एकूण परवान्यांवर मर्यादा असते. फेऱ्या वाढवल्या की ते बिलही वाढतं.

महेश: युरोपाबाहेर जाणाऱ्या लांबच्या उड्डाणांचं काय? त्यांना ते परवाने लागू नाहीत. माझी मागणी एवढीच: ज्या विमानाला विंगलेट लावाल, ते सेवेतून कधी काढणार ते वर्षही त्याच दिवशी जाहीर करा.