बँजोचा रोल जमतो, पण त्यातून गाणं ऐकू येत नाही (स्क्रग्ज शैली)

खर्जातला:
मंडळी, प्रश्न ब्लूग्रास या अमेरिकी संगीतातल्या बँजोचा. वाद्य पाच तारांचा, रेझोनेटरवाला (मागे लाकडी ताटली असलेला) बँजो. ट्यूनिंग खुला जी, म्हणजे पाचवीपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी. फॉरवर्ड, बॅकवर्ड आणि आल्टरनेटिंग थंब हे तिन्ही रोल (उजव्या हाताच्या तीन बोटांचे आठ-आठ सुरांचे ठरलेले क्रम) मेट्रोनोमवर न अडखळता वाजतात. पण ‘बॉइल देम कॅबेज डाउन’सारखी साधी पारंपरिक चाल वाजवली, तरी समोरच्याला ती ओळखता येत नाही. नुसता सुरांचा सडा पडतो. ही शैली ज्याच्या नावाची, त्या अर्ल स्क्रग्जच्या १९४०च्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये याहून कितीतरी जास्त वेग असतो, तरी चालीचा एकेक सूर स्वच्छ वेगळा येतो.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चाल रोलमध्ये बसवायची कशी? आवाज जरा डब्यासारखा येतोय, त्यात वाद्याच्या सेटिंगचा दोष किती? आणि बिल मन्रो, फ्लॅट-स्क्रग्ज, स्टॅन्ली ब्रदर्स या जुन्या ब्लूग्रासवाल्यांचं ऐकताना नेमकं कान देऊन काय ऐकायचं? टॅब (तार आणि फ्रेट आकड्यांत लिहिलेली लिपी) वाचता येतात, तबल्याची ओळख आहे.

मध्यमग्राम:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. रोल शिकवताना आठही सूर एकसारखे वाजवायला लावतात आणि हाताला तीच सवय लागते. शिकताना ते बरोबरच आहे, पण गाणं वाजवताना तेच नडतं. आठांपैकी दोन किंवा तीनच सूर चालीचे असतात. बाकीचे भरणीचे, ते दबलेलेच हवेत.

तुमचीच चाल घ्या. जीमध्ये ती बी-बी-बी-बी, मग सी, परत बी, मग ए अशी जाते. म्हणजे दुसरी तार खुली, मग दुसरीवर पहिला फ्रेट, परत खुली, मग तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट. आधी रोल बाजूला ठेवा आणि फक्त एवढेच सूर वाजवा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला गाणं ओळखता आलं की पुढे जा.

आता फॉरवर्ड रोल दुसऱ्या तारेपासून सुरू करा: २-१-५, २-१-५, २-१. बोटं तर्जनी-मधलं-अंगठा याच क्रमाने फिरतात. आठ सूर तीन-तीन-दोन असे तुटतात, आणि दुसरी तार पहिल्या, चौथ्या व सातव्या सुरावर येते. चालीचे चार सरळ ठोके इथे तीन तिरक्या आघातांवर बसले. कान उरलेलं आपण भरून घेतो. तबला येतो म्हणता, तर तोंडाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन’ म्हणत फक्त ‘एक’वर जोर द्या. सीच्या मात्रांना दुसरीवर पहिला आणि पहिलीवर दुसरा फ्रेट दाबा, हात तोच. एच्या जागी २-१-५ऐवजी ३-१-५.

चाल सरळ ठेवायची असेल तिथे आल्टरनेटिंग थंब घ्या: ३-२-५-१-४-२-५-१. यात अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या सुरावर येतो. त्यातला तिसरा आणि सातवा पाचव्या तारेकडे जातो, म्हणून चालीसाठी पहिली आणि पाचवी जागा उरते. एकाच ओळीत दोन्ही रोल आलटून पालटून घेणं, हीच स्क्रग्जची खरी करामत. रोल चालीच्या मागून जातो. एकच रोल गाणंभर फिरवलात की चाल गेलीच.

डाव्या हाताकडेही बघा. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून चौथ्यावर घसरा आणि लगेच दुसरी तार खुली वाजवा. दोन्ही सूर बीच आहेत, त्यामुळे चालीचा तो सूर दुप्पट ठळक होतो. घसरणं उशिरा पोचलं तर मात्र सगळं ढिलं वाटतं. चौथा फ्रेट पुढच्या सुराच्या आधी गाठलाच पाहिजे.

मेट्रोनोमचा ठोका एक-तीनवर न ऐकता दोन-चारवर ऐका. ६०वर लावून ते ठोके दोन आणि चार समजलात, तर प्रत्यक्ष लय १२० होते. सुरुवातीला हात चुकेल, पण मँडोलिनचा ‘चॉप’ (तोडलेला, ‘टक्’ असा ठोका) नेमका याच जागी पडतो. पुढे बँडबरोबर बसायचं तर हा कान लागतोच.

घोडी आणि खुंटी:
डब्यासारख्या आवाजाचं पहिलं कारण जवळपास नेहमी ढिलं हेड, म्हणजे बँजोच्या तोंडावरचा ताणलेला पडदा, असतं. हेड ११ इंची, मायलर प्लास्टिकचं असणार. तारांवर फडकं टाकून त्या दाबा आणि हेड ताणणाऱ्या प्रत्येक हुकपासून आत साधारण एक इंचावर बोटाने टिचक्या मारत पूर्ण फेरी करा. सगळीकडे एकच सूर यायला हवा. बहुतेकांना तो जी शार्पच्या आसपास, म्हणजे हार्मोनियमच्या काळी चारजवळ, आवडतो. जिथे सूर उतरलेला आहे तिथल्या हुकची नट एक अष्टमांश फेरा आवळा, मग समोरासमोरची. एकाच बाजूने आवळत गेलात तर हेड वाकडं बसतं, आणि एका दमात जास्त ओढलंत तर फाटतं. फार ढिलं असेल तर घोडी खाली दबते, तारा फ्रेटला लागतात, आवाज घुमतो पण धार जाते. फार ताणलं की आवाज किनरा आणि कोरडा होतो.

हेड आवळल्यावर घोडी हलते, म्हणून नंतर तिची जागा परत तपासा. पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने येणारा सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडी टेलपीसकडे (तारांची टोकं अडकवतात तिकडे) सरकवा, उतरा आला तर मानेकडे. चौथ्या तारेलाही तेच करा. तिसरी तार तरीही जराशी चढीच राहते, साध्या सरळ घोडीवर ते चालवून घ्यावं लागतं. घोडीची उंची सहसा ५/८ इंच. ती टेलपीसकडे किंवा मानेकडे झुकलेली नाही ना, हे तारा बदलताना दर वेळी बघा.

आत रिमला, म्हणजे गोल लाकडी चौकटीला, मानेशी जोडणाऱ्या कोऑर्डिनेटर रॉडने तारांची उंची कमी-जास्त करायला जाऊ नका. रिमचा आकार बिघडतो. पावसाळ्यात तारा उंच वाटल्या तर मान हलली आहे, ते मानेतल्या ट्रस रॉडचं काम.

मायलरला दमट हवेचा त्रास नाही. १९४०च्या दशकात मात्र वासराच्या कातड्याचं हेड असे, ते दमट हवेत सैल पडायचं. त्या काळची रेकॉर्डिंग ऐकताना हे लक्षात असू द्या.

धातूच्या नख्या नखाच्या बाजूला घालू नका, बोटाच्या गादीवर घाला, आणि टोक थोडं आत वळवा. अंगठ्याची प्लास्टिकची. नखी तारेला सपाट लागली पाहिजे, तिरकी लागली तर खरखर येते. आणखी एक: आपल्याकडे वरातीत वाजतो तो बेंजो बटणांचा, बुलबुल तरंगाचा भाऊ. दुकानात नुसत्या ‘बँजोच्या तारा’ मागू नका, ‘पाच तारांच्या बँजोच्या, लूप एंड’ (टोकाला फास असलेल्या) असं सांगा.

निषाद:
वरचं सगळं पटतं. एक भर घालतो: अनामिका आणि करंगळी हेडवर टेकलेली राहू द्या. मधलं बोट उचललं की अनामिकाही सोबत उठते आणि जोर विस्कटतो. दोन्ही टेकत नसतील तर निदान करंगळी टेकवा. शिवाय हात घोडीजवळ नेला की आवाज धारदार, मानेकडे नेला की गोल. स्क्रग्ज गायकाच्या मागे वाजवताना आणि एकट्याने वाजवताना ही जागा बदलायचा.

आता ऐकण्याबद्दल. सुरुवात मन्रोच्या फेब्रुवारी १९४५च्या रेकॉर्डिंगपासून करा. त्यात बँजो स्ट्रिंगबीन या वादकाचा आहे आणि सॅली अ‍ॅन फॉरेस्टर अ‍ॅकॉर्डियनवर आहेत. लगेच पाठोपाठ सप्टेंबर १९४६ची शिकागोतली ऐका: मन्रो मँडोलिनवर, लेस्टर फ्लॅट गिटारवर, स्क्रग्ज बँजोवर, चबी वाइज फिडलवर, हॉवर्ड वॉट्स बासवर. मधे दीड वर्षच गेलंय, पण स्क्रग्जचा बँजो आल्याआल्या सगळ्या बँडचा श्वास बदललेला ऐकू येतो. ऑक्टोबर १९४७ची रेकॉर्डिंग त्याला जोडून घ्या. ब्लूग्रासचा पाया म्हणतात तो हाच. मला विचाराल तर यापेक्षा भरीव पाच माणसं या संगीतात परत एकत्र आली नाहीत.

एकच रेकॉर्डिंग पाच वेळा ऐका, दर वेळी एकच वाद्य. बास एक आणि तीनवर. मन्रोचा चॉप दोन आणि चारवर: तार छेडल्याबरोबर डावा हात सैल सोडतो, म्हणून सूर न राहता नुसता ‘टक्’ उरतो. ढोल-ताशा काही नसताना ताल उभा राहतो तो यामुळे. फ्लॅटची ओळ संपताना गिटारच्या खालच्या तारांवरून वर येणारा तुकडा ऐका, त्याला जी-रन म्हणतात. ओळ संपली हे तो सगळ्यांना सांगतो. फिडल किंवा गाणं चालू असताना बँजो काय करतो, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. तो मागे सरतो, गाण्याच्या शब्दांवर कधीच चढत नाही, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या मात्रांमध्ये भरणी करतो. मन्रो स्वतः मँडोलिनचा ब्रेक, म्हणजे एकट्याचा तुकडा, घेतो तेव्हा चॉप थांबतो, मग दोन-चारचा ठोका बँजोला बंद (खुली तार नसलेल्या) कॉर्डवर सांभाळावा लागतो.

गाण्यात मुख्य आवाज फ्लॅटचा आणि त्याच्या वर मन्रोचा टेनर (चढा जोडआवाज). तिसरा आवाज, बॅरिटोन, सहसा खाली असतो. स्टॅन्ली ब्रदर्सच्या कोलंबियाच्या काळात पी वी लँबर्ट हा तिसरा आवाज टेनरच्याही वर नेतो, तो चढा त्रिकूट ऐकाच. अंगावर काटा येतो. दोघा स्टॅन्ली भावांपैकी कार्टरचा आवाज जमिनीवर उभा, राल्फचा डोंगरातून आल्यासारखा.

आणखी दोन नावं. मन्रो लहानपणी केंटकीत रोझिनच्या आसपास ज्याच्यासोबत नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा, तो अर्नोल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक. त्याचं रेकॉर्डिंग नाही, पण मन्रोच्या वाजवण्यातली ब्लूजची घसरण त्याच्याकडून आलेली आहे. आणि हेझेल डिकन्स व अ‍ॅलिस जेरार्ड यांचा १९६५चा पहिला अल्बम. तोवर या संगीतात पुढे उभं राहून गाणाऱ्या बाया विरळच. त्यांच्या आवाजात नटवेपणाचा लवलेश नाही.

खर्जातला:
२-१-५ लागू पडतंय, मनापासून आभार. एक राहिलं. मन्रोची बरीच गाणी बीमध्ये, म्हणजे पांढरी सातमध्ये आहेत. बँजोवर ती जीच्या बोटांनी कशी घ्यायची? चौथ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावला तर पाचवी तार तशीच राहते.

घोडी आणि खुंटी:
पाचव्या तारेसाठी मानेवर बारीक खिळे ठोकतात. मॉडेल रेल्वेच्या रुळांचे छोटे खिळे वापरतात, तार त्यांच्या खाली सरकवायची. पाचवी तार पाचव्या फ्रेटपासून सुरू होते, म्हणून एसाठी सातव्या फ्रेटवर आणि बीसाठी नवव्यावर खिळा हवा. कॅपो दुसऱ्यावर तर सातवा, चौथ्यावर तर नववा. खिळ्यासाठी आधी बारीक भोक पाडा, थेट ठोकलात तर फिंगरबोर्ड तडकतो. हे काम तंतुवाद्य करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. तार खिळ्याखाली घातली की थोडी चढते, ती खुंटीने उतरवून मगच सुरू करा. आणि जुन्या रेकॉर्डिंगसोबत वाजवताना ट्यूनर बाजूला ठेवा. पट्टी आजच्या मोजमापाशी जुळेलच असं नाही, आधी बास ऐकून त्याला मिळवा.