हवेचे शॉक: गॅरेजात ६५, बाहेर ५२. गळती की थंडी?

उत्तरवारा (डुलुथ, मिनेसोटा)

माझ्या स्नोमोबाइलला (बर्फावरच्या गाडीला) पुढे एका चेंबरचे फॉक्स फ्लोट हवेचे शॉक, म्हणजे हवा भरलेले धक्काशोषक आहेत. गॅरेजात १८ अंश सेल्सिअसला दोन्हींत ६५ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली. दोन दिवसांनी ट्रेलवर उणे २२ अंशांत पंप लावून पाहिलं, तर उजवीकडे ५२ आणि डावीकडे ४६. तिथेच पुन्हा ६५ केलं तेव्हा हँडल जड झालं आणि वळणात आतली स्की उचलायला लागली. पंप काढताना दर वेळी फुस्स होतं. कपड्यांसकट वजन ९५ किलो. ट्रेल सकाळी सपाट असतो, दुपारनंतर त्यावर उंचवटे तयार होतात. सील गेलं असेल का? आणि हवा गॅरेजात भरावी की बाहेर?

पाना_१३

उजवा शॉक ठीक आहे, डावा गळतोय. हिशेब सोपा आहे. गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय दाब मिळवा, म्हणजे ७९.७. तापमान केल्विनमध्ये घ्या: गॅरेजात २९१, बाहेर २५१. ७९.७ गुणिले २५१ भागिले २९१ म्हणजे साधारण ६८.७. त्यातून १४.७ वजा केले की ५४ उरतात. पंप जोडताना शॉकमधली थोडी हवा नळीत शिरते, त्यात दोनेक पीएसआय जातात. म्हणून उजवीकडे ५२ दिसले. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच असते, त्यामुळे डावीकडचे जास्तीचे ६ थंडीच्या नावावर टाकता येत नाहीत.

पंप काढतानाचा आवाज नळीतल्या हवेचा आहे. तो ऐकून दोन पीएसआय जास्त भरू नका, पुढच्या वेळी सगळे आकडे चुकतील.

हवा बाहेरच भरा. गाडी निदान दोन तास थंडीत उभी राहिलेली असावी आणि मोजमाप फेरीच्या आधी करावं. फेरीनंतर शॉक तापलेला असतो, आकडा फसवतो. थंडीत ६५ भरलेला शॉक गॅरेजात परत आणला की ७७-७८ दाखवेल. ती हवा सोडू नका!

स्कीखालचा_कार्बाइड

भरण्याची पद्धतही नीट हवी. गाडीचं नाक उचलून दोन्ही स्की हवेत लोंबू द्या, म्हणजे शॉक पूर्ण उघडतात. व्हॉल्व्हभोवतीचा बर्फ पुसा. पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर फिरवत जा, काटा हलला की आणखी साधारण एक फेरा, त्याहून जास्त नाही, नाहीतर पंपाच्या तोंडातलं सील चेपतं. टायरचा कॉम्प्रेसर वापरू नका. चेंबर एवढा लहान असतो की एका झटक्यात दाब कुठल्या कुठे जातो, शिवाय त्या हवेत ओल असते. टायरचं गेजही नको, टेकवताना आणि काढताना बरीच हवा निसटते.

मग सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते. शॉकच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधलं अंतर आधी स्की लोंबत असताना घ्या. मग गाडी खाली घेऊन पूर्ण कपड्यांत बसा, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. इथे बरेच जण चुकतात: काँक्रीटवर कार्बाइड (स्कीखालची टणक धातूची धार) रुतून बसतं, स्की बाहेरच्या बाजूला सरकत नाहीत आणि सॅग खोटा कमी दिसतो. स्कीखाली गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा घाला. फरक शॉकच्या स्ट्रोकच्या (पूर्ण दबण्याच्या अंतराच्या) पाव भागाच्या आसपास आला की सुरुवातीला पुरे.

खरा निकाल ट्रेलवर लागतो. शॉकच्या बॉडीवर ओ-रिंग असते (नसेल तर बारीक झिप टाय सैलसर बांधा). ती सीलला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या सर्वांत खडबडीत पट्ट्यावरून गाडी न्या. रिंग टोकाला जाऊन आपटली तर हवा कमी आहे. अर्धा स्ट्रोक वापरलाच गेला नाही तर जास्त आहे. १०-१२ मिलिमीटर उरले तर मला तो आकडा आवडतो. बदल एका वेळी ३ पीएसआयचा, दोन्ही बाजूंना सारखाच. गॅरेजातले ६५ उजवीकडे थंडीत ५४ झाले होते, तिथूनच सुरू करा.

पाना_१३

जड हँडलबद्दल: हवेच्या शॉकमध्ये दाब वाढवला की कडकपणा आणि नाकाची उंची दोन्ही एकदम वाढतात. स्कीवर भार येतो, वळणात गाडी कमी झुकते आणि आतली स्की उचलते. मात्र ५४ ला रिंग बरोबर दिसूनही हँडल जडच राहिलं, तर पुढच्या शॉकची हवा आणखी कमी करू नका. मग ट्रॅकच्या (मागच्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या) आतल्या पुढच्या शॉककडे आणि तिथलं सस्पेन्शन किती खाली जाईल ते रोखणाऱ्या लिमिटर पट्ट्याकडे बघा. लिमिटर पट्टा आखूड केला की स्कीवर भार वाढतो, सैल केला की कमी होतो.

उत्तरवारा

डाव्याची गळती घरी शोधता येईल?

स्कीखालचा_कार्बाइड

हो. शॉक गॅरेजात गरम होऊ द्या, पुसा आणि साबणाचं पाणी लावा. आधी व्हॉल्व्हची सुई तपासा, ती सैल असेल तर घट्ट केली की काम संपलं. बुडबुडे स्लीव्हच्या (हवा धरणाऱ्या बाहेरच्या नळीच्या) तोंडाशी आले तर सील खराब आहे, किंवा त्याच्या ओठात बर्फ नाहीतर खडी अडकली आहे. कडाक्याच्या थंडीत रबर ताठरतं, त्यामुळे फक्त बाहेर गळणारा आणि गॅरेजात साफ दिसणारा शॉकही असतो. प्रेशर वॉशर सीलवर मारू नका, घाण आत ढकलली जाते.

सील बदलायचं झालं तर शॉक गाडीवरून काढा, मुख्य चेंबरची हवा पूर्ण सोडा आणि हाताने दाबून बघा. हवा सोडूनही तो दबत नसेल तर तिथेच थांबा. डॅम्परमधला (शॉकच्या आतल्या तेलाच्या भागातला) नायट्रोजन स्लीव्हमध्ये शिरला असण्याची शक्यता असते आणि स्लीव्ह उघडताना तुकडा गोळीसारखा उडतो. तो शॉक सर्व्हिसवाल्याकडेच द्यायचा.

बर्फगाडी_सडबरी

माझे फॉक्सचे इव्हॉल शॉक आहेत, दोन चेंबरचे आणि दोन व्हॉल्व्हवाले. त्यांनाही हेच लागू?

पाना_१३

पद्धत हीच, फक्त कामं दोन व्हॉल्व्हमध्ये वाटलेली. मुख्य चेंबर उंची आणि सुरुवातीचा मऊपणा ठरवतो, इव्हॉल चेंबर शेवटच्या भागातला कडकपणा. सॅग बरोबर असून शॉक आपटत असेल तर मुख्य चेंबरला हात न लावता इव्हॉलमध्ये १० पीएसआय वाढवा. मर्यादा तुमच्या शॉकच्या मॅन्युअलमधली पाळा. दोन्ही चेंबरांच्या दरम्यान सरकता पिस्टन असतो, म्हणून इव्हॉल बदललं की मुख्य चेंबर पुन्हा मोजायचा.