चित्रकार मनजीत बावांसारखी सपाट, झळाळती पार्श्वभूमी तैलरंगात कशी आणायची?

दादर_स्केच: 3 × 4 फुटांचा कॉटन कॅनव्हास, कॅडमियम लाल पार्श्वभूमी, मध्ये बासरीवाला आणि दोन कुत्रे. वाळल्यावर ब्रशचे पट्टे दिसतात आणि मध्येमध्ये मॅट डाग पडतात. शिवाय आकृती लालावर चिकटवल्यासारखी वाटते. बावा हे कसं साधत असतील? पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यायची का?

रंगपेटी: पट्टे आणि डाग यांची कारणं वेगळी आहेत.

पट्टे बहुधा रंग कमी पडल्याने येतात. हा कॅनव्हास सुमारे 1.1 चौरस मीटर. 0.05 मिमी जाडीच्या एका थराला 55 ते 60 मिली रंग लागतो, म्हणजे 40 मिलीच्या दीड ट्यूब. दोन थरांचा रंग एकदमच पॅलेट नाइफने कालवा आणि उरलेला प्लास्टिकमध्ये हवाबंद ठेवा. दुसऱ्यांदा कालवलेला लाल हुबेहूब तसाच येत नाही. आधी आडवा-उभा पसरवा, मग रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेने अगदी हलका हात फिरवा आणि प्रत्येक फटक्यानंतर ब्रश पुसा.

मॅट डाग म्हणजे खालचा थर तेल शोषतोय, तेही सगळीकडे सारखं नाही. पुढच्या कॅनव्हासला गेसोचे (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) चार पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावर 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पहिला रंग टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसऱ्यात थोडं जवसाचं तेल. हा क्रम उलटा झाला तर पुढे तडे जातात. आत्ताच्या डागांसाठी: थर पूर्ण वाळू द्या, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन कापडाने अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं सगळं पुसून काढा. ते तेलकट कापड बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवून ठेवा.

कलाघोडा_कट्टा: चिकटवल्यासारखं दिसण्याचं मूळ रेषेत आहे, रंगात नाही.

बावा 1941 साली पंजाबातल्या धुरीला जन्मले. दिल्लीत शिकत असताना त्यांचे शिक्षक अबनी सेन त्यांच्याकडून रोज 50 स्केचेस मागायचे. पुढे 1964 ते 1971 ब्रिटनमध्ये सिल्कस्क्रीनचं, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापण्याचं, काम. सिल्कस्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाचं क्षेत्र आणि त्याची कड आधी ठरवावी लागते, नंतर घोळ घालता येत नाही. त्यांच्या चित्रांतली शिस्त मला तिथलीच वाटते. हीर-रांझा, सूफी काव्य, कृष्ण हे सगळं त्या शिस्तीतून लयीत येतं: बाह्यरेषा न तुटता खांद्यावरून कोपराकडे आणि बोटांपर्यंत वाहते, शरीरात हाडं नसावीत तशी.

म्हणून आधी कागदावर पूर्ण मापाची बाह्यरेषा पक्की करा आणि ती ट्रेस करून कॅनव्हासवर उतरवा. आकृतीच्या जागी लाल भरू नका. गोलाई देताना काळा वापरू नका: कडेला त्याच रंगाची गडद छटा, आत जाताना हळूहळू फिकी, मऊ कोरड्या ब्रशने मिसळलेली. जमिनीची रेघ नको आणि पडलेली सावलीही नको, नाहीतर लालाचं अवकाश राहत नाही, भिंत होते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी लघुचित्रं पाहायला मिळाली तर रंगाच्या कडा जवळून बघा.

दादर_स्केच: कडेला लालाचा हात आकृतीत शिरतो. मास्किंग टेप लावू का?

कलाघोडा_कट्टा: नको. टेपखालून तेल झिरपतं आणि कड कापल्यासारखी कठोर होते. लाल रंग बाह्यरेषेपासून दोन मिमी अलीकडे थांबवा, पूर्ण वाळला की बारीक ब्रशने ती फट आकृतीच्या रंगाने भरत न्या.

रंगपेटी: पावसाळ्याचं राहिलं. दमट हवेत कॉटन ढिला-ताठ होत राहतो, म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांत पाचर असावी. गेसोला रंगाआधी किमान तीन दिवस द्या. कॅनव्हास भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवा, मागून बुरशी धरते. कॅडमियम लाल मुळातच सावकाश वाळतो. बोटाला चिकटेनासा झाला तरी दुसऱ्या थराआधी आठवडाभर थांबा. त्या काळात पंखा थेट मारू नका, सपाट लालावर बसलेली धूळ लगेच दिसते.