नक्षीदार जुन्या टकळीच्या चकत्या: कुठल्या असाव्यात?

प्रश्न (सूतगुंता):
एका जुन्या संग्रहातल्या चार चकत्या (सूत कातायच्या टकळीच्या काडीवर वजनासाठी बसवायच्या) ओळखायच्या आहेत. चिठ्ठी, नोंद काहीच नाही.
अ) काळपट माती, दोन शंकू बुडाशी जोडल्यासारखा आकार, व्यास 17 मिमी, वजन अडीच ग्रॅम. कोरलेले लांब चोचीचे पक्षी, रेघांत पांढरं काहीतरी भरलेलं.
ब) तपकिरी माती, घुमटाकार, व्यास 45 मिमी, 26 ग्रॅम. वरच्या बाजूला उठावाचं फूल, त्यावर काळे डांबरासारखे डाग.
क) शिसं, 24 मिमी, 27 ग्रॅम, उठावाच्या रेघा आणि ठिपके.
ड) गुलाबी मऊ दगड, 24 मिमी, 12 ग्रॅम, नक्षी नाही, फक्त ओरखड्यांसारख्या चार-पाच खुणा.
नक्षीवरून प्रदेश कळेल का? आणि धुऊन फोटो काढू का?

घोटीव:
आधी उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं: धुऊ नका. रेघांतला पांढरा रंग ओल्या बोटानेही निघतो आणि ‘ब’वरचे काळे डाग हाच कदाचित सगळ्यात मोठा पुरावा आहे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. ठिपके, वर्तुळं, नागमोडी रेघा जगभर कोरल्या गेल्यात; त्यावरून प्रदेश ठरवायला गेलात तर फसाल. आधी भोक. तुम्ही भोकाचं मापच दिलेलं नाही. व्हर्नियरचे (व्यास मोजायच्या सरकत्या मापपट्टीचे) जबडे आत घालू नका, कडेचे टवके उडतात. कागदाची निमुळती पुंगळी करून हलकेच आत सरकवा, कडेपाशी पेन्सिलीने खूण करा आणि तिथला व्यास मोजा. दोन्ही बाजूंनी. एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद निघाली तर टकळीची काडी निमुळती होती, आणि चकती कुठल्या तोंडाने वर बसायची तेही कळतं. मधे अरुंद, दोन्हीकडे रुंद असेल तर भाजल्यानंतर दोन्ही बाजूंनी भोक पाडलंय. खापराच्या तुकड्यांपासून केलेल्या चकत्यांत हे हमखास दिसतं. ओल्या मातीत काडी खुपसली असेल तर बाहेर पडणाऱ्या तोंडाशी मातीची कड उचललेली राहते, कारागिराने ती घोटून टाकली नसेल तर.

फोटो काढताना उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा पडू द्या. वरून, खालून, बाजूने, शेजारी पट्टी ठेवून. ‘अ’ची नक्षी गोल फिरते, म्हणून ती दर 45 अंशांनी फिरवत आठ फोटो.

तंतूवेडा:
वजनावरून धागा कळतो, निदान अंदाज येतो. अडीच ग्रॅमची चकती म्हणजे आखूड तंतूचा बारीक कापूस. ती काडी वाटीत टेकवून फिरवायची. जड चकती लटकत ठेवली तर कापूस तुटतो. 26 ग्रॅमला लांब, चिवट तंतू लागतो.

‘अ’साठी पहिला अंदाज एक्वादोरच्या किनाऱ्यावरची मान्तेन्यो संस्कृती, स्पॅनिश येण्याआधीची काही शतकं. पेलिकनसारखे पक्षी तिथे वारंवार येतात. तुर्कस्तानातल्या प्राचीन ट्रॉयच्याही चकत्या दुहेरी शंकूच्या आणि कोरीव असतात (तिथे उत्खनन करणाऱ्या श्लीमनला त्या हजारोंनी मिळाल्या), पण त्या बहुतेक मोठ्या, भोक रुंद आणि नक्षी भौमितिक. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या चकत्यांतही पांढरी माती भरलेली दिसते, मात्र नक्षी बहुतेक रेघा-ठिपक्यांचीच.

‘ब’ मेक्सिकोकडे बोट दाखवते. उठावाचं फूल साच्यातून आलंय आणि डांबराची सजावट मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याची ओळख आहे. एवढा आकार म्हणजे बहुधा मॅगेचा, म्हणजे घायपातीच्या जातीचा तंतू. भोक 8-9 मिमी निघालं तर खात्री वाढेल.

‘ड’ला नक्षी नाही म्हणून बाजूला टाकू नका! युक्रेनमधल्या ओव्रुचजवळचा गुलाबी पाटीचा दगड 11व्या ते 13व्या शतकात चकत्यांसाठी घडवला जायचा आणि त्या फार दूरवर विकल्या जायच्या. त्यांवर मालकिणी खुणा कोरत. कीवला सापडलेल्या एका चकतीवर तर मालकिणीचं नाव आहे. ओरखडे भिंगाखाली बघा, अक्षरं निघू शकतात.

सूतगुंता:
मोजलं. ‘अ’चं भोक दोन्हीकडे 3 मिमी, दोन्ही तोंडांशी सपाट, चकचकीत गोल कडं. ‘ब’चं 9 आणि 8. ‘क’चं 9.

घोटीव:
‘अ’ कधीतरी मण्यांच्या माळेत होती. ते कडं शेजारचे मणी घासून झालेलं आहे. काडीवर फिरलेल्या चकतीची झीज भोकाच्या आत असते, तोंडाला सपाटी येत नाही. माळेत ओवली म्हणून ती खोटी ठरत नाही, पण विकणारे माळेतल्या चकत्यांत उठाव दिसावा म्हणून पांढरा रंग नव्याने भरतात. दहापट भिंगाखाली बघा: जुना रंग पृष्ठभागाच्या खाली बसलेला आणि झिजल्या जागी झिजलेला असतो. टवका रेघ ओलांडून गेला असेल आणि पांढरं त्या टवक्याच्या खळग्यातही उतरलं असेल, तर भरणी नंतरची. रेघेच्या तळाची मातीही बघा. बाकी अंग काळं आणि रेघेचा तळ ताजा, फिकट असेल तर खुद्द कोरीवकामच नवं.

‘क’ युरोपातली, मध्ययुगीन असावी. साच्यात ओतलेल्या शिशाच्या अशा चकत्या इंग्लंडमध्ये पुष्कळ सापडतात. साधा, दीर्घकाळ चाललेला प्रकार आहे, शतक नेमकं सांगता येणार नाही. हाताळल्यावर हात धुवा आणि ती लाकडी खणात ठेवू नका. ओक किंवा एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीतून) सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि उठाव खाऊन जाते. झिपची पॉलिथीनची पिशवी, वेगळी.

तंतूवेडा:
‘ब’च्या 9 आणि 8 वरून काडी निमुळती होती हे नक्की. फूल रुंद तोंडाकडे आहे की अरुंद, तेवढं बघून लिहा. आणि मेक्सिकोत 1972च्या कायद्याने पुरातत्त्वीय वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरतात, तेव्हा विकायचा विचार असेल तर ती तिथून कधी बाहेर पडली याचा कागद आधी शोधा.