कोलकात्याहून एक दिवस: श्रीरामपूर पाहावे की चंदननगर?

वाटसरू:
डिसेंबरमध्ये मी आईला घेऊन कोलकात्याला जात आहे आणि एक दिवस शहराबाहेर, हुगळीच्या काठावर घालवावा असा विचार आहे. एकेकाळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले श्रीरामपूर आणि फ्रेंचांचे चंदननगर ही दोन्ही गावे एकाच दिवसात पाहून होतील का? आईला सत्तरी उलटली असून गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही. ती निवृत्त मराठी शिक्षिका आहे; परक्या राजवटीतील चर्च आणि जुन्या इमारती पाहण्यात तिचे मन कितपत रमेल, अशी शंका वाटते.

हुगळीकाठ:
दोन्ही गावे होतील, पण धावपळ होईल. हावडा स्थानकावरून बंडेलकडे जाणारी लोकल पकडल्यास सुमारे वीस किलोमीटरवर श्रीरामपूर येते आणि चंदननगर त्याच मार्गावर पुढे आहे. आई बरोबर असल्यामुळे सकाळी कार्यालयांची गर्दी कोलकात्याकडे येत असताना उलट दिशेने निघावे, म्हणजे बसायला जागा मिळते. स्थानकाबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा मिळते. ती दोन-तीन तासांसाठी ठरवून टाकावी.

पाहण्यासारखे बरेचसे नदीच्या आसपासच आहे. १८०६ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट ओलाव्ह चर्चच्या दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा क्रिश्चियन याची राजमुद्रा आजही दिसते. ओलाव्ह हा नॉर्वेचा संत-राजा. त्या काळी डेन्मार्क आणि नॉर्वे एकाच राजाच्या अमलाखाली होते, त्यामुळे हे नाव बंगालपर्यंत पोहोचले. काठावरच १७८६ मधील डॅनिश टॅव्हर्न आहे. ती पडझडीतून पुन्हा उभी केली असून तेथे आता उपाहारगृह चालते. आईंना तेथे निवांत बसवावे.

मोडीवाचक:
मी मोडी कागदपत्रे वाचतो, म्हणून कळकळीने सांगतो की मराठी शिकवणाऱ्या माणसाने श्रीरामपूर चुकवू नये. त्यांना चर्चपासून नव्हे, छापखान्यापासून गोष्ट सांगा.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी १८०० मध्ये डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्या आश्रयाला श्रीरामपुरात आला. मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांबरोबर त्याने छापखाना उभारला. पंचानन कर्मकार यांच्यासारखा कसबी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडणारा त्यांना लाभला. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत असे आणि नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्याला साहाय्य करीत. त्यातून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. त्या कोशातील मराठी शब्द मोडीत आहेत. मोडी ही लेखणी न उचलता लिहायची लिपी, अक्षरात अक्षर गुंतत जाणारी. तिचे एकेक अक्षर सुटे करून धातूत ओतणे किती अवघड गेले असेल, हे मोडी वाचणाऱ्यालाच खरे उमगते. पुढे १८१४ मध्ये वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ आणि त्यानंतर ‘हितोपदेश’ही याच गावात मराठीत छापले गेले.

मध्ये १८१२ साली छापखान्याला मोठी आग लागून कागद, खिळे आणि हस्तलिखिते भस्मसात झाली. त्यानंतर त्यांनी पुन्हा खिळे ओतले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

१८१८ मध्ये स्थापन झालेले श्रीरामपूर कॉलेज नदीकडे तोंड करून उभे आहे. त्याच्या आवारातील कॅरी ग्रंथालय व संग्रहालय पाहायचे असल्यास वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्यावी. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड तिघांच्याही कबरी याच गावात आहेत. आणखी एक धागा: डॅनिश लोकांना १७५५ मध्ये येथे वखार घालू देणारा नवाब अलीवर्दी खान म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांशी १७५१ मध्ये तह करणारा तोच.

गंगामाई:
चंदननगरची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. १७५७ मध्ये इंग्रजांनी तेथील किल्ला उद्ध्वस्त केला, तरी गाव पुढे फ्रेंचांना परत मिळाले आणि १९५० मध्ये भारताकडे आले. नदीकाठचा सपाट, सावलीचा स्ट्रँड रस्ता दुखऱ्या गुडघ्यांना श्रीरामपूरपेक्षा सोयीचा आहे. जलभरा संदेश हा मिठाईचा प्रकारही खाऊन पाहावा. तो आपल्या ताडगोळ्याच्या आकाराचा असतो आणि दाताखाली फुटताच आतले गुलाबपाणी तोंडात येते. हिवाळ्यात काही ठिकाणी त्याच्या जागी खजुराच्या गुळाचा पाक असतो. ऊन कलल्यावर तासभर जावे.

वाटसरू:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवस श्रीरामपूरला द्यायचे ठरवले आहे. आईला उत्साह असेल तरच संध्याकाळी चंदननगर. मोडी कोशाविषयी वाचून दाखवल्यावर तिने कपाटातून स्वतःची मोडी गिरवण्याची जुनी वही काढली आणि ती बरोबर न्यायची असे बजावले. ग्रंथालयाला आजच पत्र लिहितो.